शस्त्रधारणाधिकार व नियोक्त्याचा मालमत्ताधिकार

स्वतःजवळ शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा अधिकार आणि आपल्या जागेत कोणी व कोणत्या अटींवर प्रवेश करावा हे ठरविण्याचा नियोक्त्याचा अधिकार, यांच्यातील विरोधातून उद्‌भवणारा विधिविषयक प्रश्न. हा प्रश्न मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उपस्थित झाला. कारण तेथे शस्त्र बाळगण्याच्या अधिकारास घटनात्मक मान्यता आहे आणि खाजगी मालमत्तेच्या अधिकारालाही तितकेच जुने अधिष्ठान आहे. कारखाना, कार्यालय वा दुकान यांच्या इमारतीत शस्त्रास बंदी घालण्याचा नियोक्त्याचा अधिकार सामान्यतः वादग्रस्त मानला जात नाही. वाद आहे तो कामावर येणाऱ्या माणसाने वाहनतळावर उभ्या केलेल्या आपल्या कुलूपबंद मोटारीतील बंदुकीबद्दल. मोटार कामगाराच्या मालकीची, तर तिच्याखालची जमीन नियोक्त्याच्या ताब्यातील; अशा रीतीने एकाची मालमत्ता दुसऱ्याच्या मालमत्तेत सामावलेली असते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वीसहून अधिक राज्यांत या स्थितीविषयीचे कायदे अस्तित्वात आले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दोन्ही अधिकारांचे मूळ इंग्लंडच्या विधिपरंपरेत आढळते. तेथील १६८९ च्या अधिकारांच्या सनदेने प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपापल्या स्थितीला अनुरूप व कायद्यास मान्य अशी शस्त्रे स्वसंरक्षणार्थ बाळगण्याची मुभा दिली. विख्यात विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन (१७२३–८०) याने इंग्लंडच्या विधीवरील आपल्या भाष्यग्रंथात (१७६५–६९) शस्त्रधारणेची गणना जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता या मूलभूत अधिकारांच्या रक्षणार्थ असलेल्या साहाय्यक अधिकारांत केली. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात त्याने मालमत्ता म्हणजे इतर सर्वांना वगळून एखाद्या वस्तूवर चालविलेली एकट्याची सत्ता, असे प्रतिपादन केले. अमेरिकन वसाहतींतील वकिलांच्या पिढ्या या ग्रंथावर पोसल्या गेल्या. पुढे १७९१ साली अंमलात आलेल्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांत दोन्ही कल्पनांना स्थान मिळाले : दुसऱ्या दुरुस्तीने सुव्यवस्थित नागरी सेनेचा उल्लेख करून जनतेच्या शस्त्रे बाळगण्याच्या अधिकारास अभय दिले, तर पाचव्या दुरुस्तीने योग्य भरपाई दिल्याशिवाय सार्वजनिक उपयोगासाठी खाजगी मालमत्ता घेण्यास मनाई केली.

शस्त्र कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाला श्रमसंबंधांचाही संदर्भ प्रारंभापासून होता. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने केलेल्या कायद्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास बंदी केली. त्यांना मळेवाल्यांच्या अधीन ठेवणाऱ्या निर्बंधांपैकीच हा एक होता. शिकागोमधील जर्मन समाजवादी कामगारांनी १८७५ साली स्वतःचे सशस्त्र पथक उभारले. शासनाच्या अनुमतीवाचून त्यांनी काढलेल्या सशस्त्र संचलनाविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १८८६ मध्ये न्यायालयाने अशा संचलनावर बंदी घालण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. नियोक्त्यांच्या बाजूसही शस्त्रबळ होते. पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात टाळेबंदी जाहीर झाल्यानंतर ६ जुलै १८९२ रोजी पिंकर्टन या खाजगी संस्थेचे सु. ३०० सशस्त्र रक्षक व कामगार यांच्यात गोळीबार होऊन दोन्हीकडील माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळी शस्त्रे उभय पक्षांच्या सामूहिक संघर्षाचे साधन होती. अलीकडील वादात कामगार शस्त्राची मागणी करतो, ती मालकाविरुद्ध नव्हे, तर वाटेवरच्या अनोळखी हल्लेखोरापासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी.

घटनात्मक अधिकाराची व्याप्ती : दुसऱ्या घटनादुरुस्तीचा अर्थ दीर्घकाळ अनिश्चित होता. ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ (२००८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा अधिकार नागरी सेनेशी निगडित नसून व्यक्तीचा आहे, असा निर्वाळा दिला. ‘मॅक्डॉनल्ड विरुद्ध शिकागो’ (२०१०) या निर्णयाने तो राज्य शासनांवरही बंधनकारक ठरला आणि ‘न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रुएन’ (२०२२) या निर्णयाने घराबाहेर शस्त्र जवळ ठेवणेही त्यात अंतर्भूत असल्याचे ठरविले. मात्र शाळा, शासकीय इमारती यांसारख्या संवेदनशील स्थळी बंदी घालता येते, असे हेलर खटल्यातच नमूद करण्यात आले होते.

तथापि या अधिकाराच्या व्याप्तीत कितीही वाढ झाली, तरी त्याची दिशा बदललेली नाही. घटनेतील अधिकारपत्र शासनास बांधून ठेवते; खाजगी व्यक्ती वा कंपनी यांना नव्हे. पोलिसाने बंदूक काढून घेतल्यास नागरिक दुसऱ्या दुरुस्तीचा आधार घेऊ शकतो. पण खाजगी कंपनीने बंदुकीमुळे नोकरीवरून काढल्यास तो आधार उपलब्ध नसतो. भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीतही स्थिती हीच आहे. म्हणून घटनात्मक अधिकारांचा संघर्ष असे या वादाचे वर्णन वारंवार केले जात असले, तरी ते नेमके नाही. खाजगी नियोक्त्याविरुद्ध कामगारास मिळणारे संरक्षण विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून किंवा राज्याच्या न्यायालयांनी मान्य केलेल्या लोकनीतीच्या तत्त्वातून येते. आणि कायद्याने दिलेले संरक्षण कायद्याने काढूनही घेता येते.

मालमत्ताधिकार व सेवासंबंध : नियोक्त्याची बाजू दोन आधारांवर उभी आहे. पहिला आधार जमिनीवरील स्वामित्वाचा. इतरांना मज्जाव करण्याचा अधिकार हा स्वामित्वाच्या अत्यावश्यक घटकांपैकी एक आहे, असे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये व त्यानंतरही अनेकदा म्हटले आहे. कामगार नियोक्त्याच्या जागेत येतो तो त्याच्या अनुज्ञेने, आणि अनुज्ञा देणाऱ्यास अटी घालता येतात. दुसरा आधार सेवाकराराचा. अमेरिकेत बहुतेक सर्व राज्यांत, मुदतीचा करार वा कामगार संघटनेशी झालेला करार नसल्यास, उभय पक्षांपैकी कोणीही कोणत्याही वेळी व कारण न देता सेवासंबंध संपुष्टात आणू शकतो. या तत्त्वास न्यायालयांनी काही अपवाद मान्य केले आहेत. बडतर्फी एखाद्या स्पष्ट लोकनीतीस बाधक असल्यास, उदा., ज्यूरीचे कर्तव्य बजावल्याबद्दल कामगारास काढले असल्यास, ती अवैध ठरू शकते. मोटारीत कायदेशीरपणे बंदूक ठेवणे ही अशी लोकनीती आहे काय, हाच प्रश्न न्यायालयांपुढे आला.

यूटा राज्यातील ऑग्डेन येथे २००० साली एका संगणक-सेवा कंपनीचे तीन कर्मचारी काम संपल्यावर नेमबाजीच्या सरावास निघण्यासाठी वाहनतळावर एकत्र आले व बंदुका एका मोटारीतून दुसरीत ठेवू लागले. कंपनीच्या नियमाचा भंग झाल्यावरून त्यांना बडतर्फ करण्यात आले. बंदुका कायदेशीर होत्या व कोणाला धमकावण्याचाही प्रश्न नव्हता. तरीसुद्धा यूटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. शस्त्रधारणेची लोकनीती नियोक्त्याच्या मालमत्ताधिकारावर मात करण्याइतकी निर्विवाद नाही, असे न्यायालयाचे मत पडले. विधिमंडळाने २००९ मध्ये वेगळा कायदा करून त्या राज्यातील स्थिती पालटली.

ओक्लाहोमातील संघर्ष : या वादास राष्ट्रीय स्वरूप आले ते ओक्लाहोमामुळे. त्या राज्याच्या आग्नेय भागातील व्हॅलियंट या छोट्या गावी वायरहाउझर कंपनीच्या कागद गिरणीत १ ऑक्टोबर २००२ रोजी कुत्र्यांच्या साहाय्याने वाहनतळावरील मोटारींची तपासणी करण्यात आली. काही वाहनांत बंदुका आढळल्या आणि गिरणीतील व कंत्राटदारांकडील अनेक कामगारांना कामावरून दूर करण्यात आले. शिकार हा जेथे जीवनक्रमाचा भाग आहे अशा त्या ग्रामीण प्रदेशात मोटारीत बंदूक असणे ही नित्याची बाब होती. छोट्या गावात मोठी गिरणी हाच उपजीविकेचा प्रमुख आधार असल्याने बडतर्फीची झळही तीव्र होती. संघराज्याच्या दहाव्या मंडळ अपील न्यायालयाने २००६ मध्ये कंपनीची कृती वैध ठरविली.

तत्पूर्वीच, २००४ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने मोठ्या बहुमताने कायदा करून कुलूपबंद वाहनात कायदेशीर बंदूक ठेवण्यास मनाई करणारे नियम नियोक्त्यांनी करू नयेत, असे ठरविले. पुढील वर्षी त्यात दुरुस्ती होऊन अशा बंदुकीमुळे घडलेल्या हानीच्या दिवाणी दायित्वातून जागेच्या मालकास मुक्त करण्यात आले आणि नियमाने बाधित झालेल्या व्यक्तीस दावा लावण्याचा हक्क मिळाला. अनेक कंपन्यांनी या कायद्यास संघराज्याच्या न्यायालयात आव्हान दिले. त्यांत कोनोकोफिलिप्स ही तेल कंपनी अग्रभागी असल्याने नॅशनल रायफल असोसिएशन (स्थापना १८७१) या संघटनेने २००५ मध्ये तिच्यावर बहिष्काराची हाक दिली. या वादाने प्रचलित राजकीय आघाड्याही मोडल्या. शस्त्रधारणेचे समर्थक व व्यापारी संघ एरवी शासकीय नियंत्रणाच्या विरोधात एकत्र असत. येथे मात्र पहिल्यांनी खाजगी मालकावर शासनाने बंधन घालावे अशी मागणी केली, तर दुसऱ्यांनी मालकाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार केला.

जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीस मनाई केली. संघराज्याच्या १९७० च्या व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य अधिनियमानुसार प्रत्येक नियोक्त्याने मृत्यू वा गंभीर शारीरिक इजा घडवू शकणाऱ्या ज्ञात धोक्यांपासून कार्यस्थळ मुक्त ठेवले पाहिजे. राज्याचा कायदा या कर्तव्याच्या आड येतो, असे त्या न्यायालयाचे मत होते. ‘रॅम्झी विंच विरुद्ध हेन्री’ (२००९) या निर्णयाने अपील न्यायालयाने ती मनाई रद्द केली. कार्यस्थळावरील बंदुकांविषयी संघराज्याच्या सुरक्षितता प्रशासनाने कोणतेही मानक ठरविलेले नाही, हे न्यायालयाने निदर्शनास आणले. नियोक्त्याच्या जमिनीचे हे भरपाईविना संपादन आहे, हा आक्षेपही फेटाळण्यात आला. कारण शासनाने जमिनीचा ताबा घेतलेला नव्हता, तर ज्यांना नियोक्त्याने स्वतःच आत येऊ दिले त्यांच्या बाबतीत त्याच्या एका अटीवर मर्यादा घातली होती. या संदर्भात न्यायालयाने ‘प्रूनयार्ड’ (१९८०) या निर्णयाचा आधार घेतला. कॅलिफोर्नियातील एका व्यापारी संकुलात मालकाच्या इच्छेविरुद्ध पत्रके वाटण्याची मुभा राज्य देऊ शकते, असे त्यात ठरले होते. कायदा शहाणपणाचा आहे किंवा नाही, हा विधिमंडळाचा प्रश्न मानण्यात आला.

‘सीडर पॉइंट नर्सरी विरुद्ध हसीद’ (२०२१) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने शेतमळ्यांवर कामगार संघटनेच्या प्रतिनिधींना ठराविक काळ प्रवेश देण्याची सक्ती हे मालमत्तेचे संपादन ठरविले. तेथे बाहेरच्या माणसांना आत आणण्याचा प्रश्न होता. वाहनतळाच्या कायद्यांत माणूस नियोक्त्यानेच बोलाविलेला असतो. हा भेद निर्णायक मानावा किंवा कसे, याविषयी विधिज्ञांत मतभेद संभवतात.

अन्य राज्यांतील कायदे : ओक्लाहोमापाठोपाठ झालेल्या कायद्यांत बरीच विविधता आहे. फ्लॉरिडाच्या २००८ च्या कायद्याने परवानाधारक कर्मचाऱ्यांना संरक्षण दिले व मोटारीत बंदूक आहे काय, असे विचारण्यासही नियोक्त्यास मनाई केली. शाळा, तुरुंग, अणुवीज केंद्रे, संरक्षणविषयक उद्योग व स्फोटकांचे कारखाने यांना त्यातून वगळण्यात आले, तसेच कंपनीच्या मालकीची वाहनेही वगळण्यात आली. संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने त्याच वर्षी कर्मचाऱ्यांपुरता हा कायदा ग्राह्य धरला. ग्राहकांविषयीच्या तरतुदींची अंमलबजावणी मात्र रोखली. जॉर्जियाने २००८ मध्ये केलेल्या कायद्यात खाजगी जागेवरील प्रवेश नियंत्रित करण्याचा मालकाचा अधिकार राखून ठेवला. त्यामुळे कामगारास मिळालेले संरक्षण बरेच मर्यादित झाले. टेक्सस (२०११), अलाबामा व टेनेसी (दोन्ही २०१३) या राज्यांनीही कायदे केले. कायद्यात बडतर्फ कामगारास दाद मागण्याची तरतूद आहे किंवा नाही, यावर त्याची परिणामकारकता अवलंबून असते. टेनेसीत अशी तरतूद २०१५ मध्ये करावी लागली; मिसिसिपीत ती स्पष्टपणे नसताना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बडतर्फीविरुद्ध दावा चालू शकतो, असे ठरविले.

ब्रुएन निर्णयानंतर उलट दिशेचे कायदेही झाले. हवाई राज्याने २०२३ मध्ये, लोकांना खुल्या असलेल्या खाजगी जागेत मालकाच्या स्पष्ट संमतीवाचून शस्त्र नेण्यास बंदी केली. अन्यत्र मालकाने मनाई केली नसल्यास संमती गृहीत धरली जाते. येथे मालकाच्या मौनाचा अर्थ नकार असा करण्यात आला. या कायद्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुनावणीसाठी स्वीकारले.

शासन हेच नियोक्ता असल्यास : अशा वेळी घटनात्मक अधिकाराचा प्रश्न थेट उपस्थित होतो. ओक्लाहोमातील एडमंड येथील टपाल कचेरीत २० ऑगस्ट १९८६ रोजी एका कर्मचाऱ्याने १४ सहकाऱ्यांची हत्या केली. संघराज्याच्या नियमांनी टपाल खात्याच्या इमारतींत व त्यांच्या वाहनतळांवरही शस्त्रांना बंदी केली आहे. दहाव्या मंडळ अपील न्यायालयाने २०१५ मध्ये वाहनतळासह ही बंदी वैध ठरविली. ब्रुएन निर्णयानंतर मात्र तिच्यावर नव्याने आक्षेप घेण्यात आले व २०२४ मध्ये फ्लॉरिडातील एका जिल्हा न्यायालयाने टपाल कचेरीत पिस्तूल बाळगल्याचा आरोप घटनाविरोधी म्हणून रद्द केला.

सुरक्षिततेचा प्रश्न : संयुक्त संस्थानांत कामाच्या ठिकाणी १९९४ मध्ये १,०८० व २०२२ मध्ये ५२४ हत्या झाल्या. त्यांपैकी बहुतेक बंदुकीने झाल्या असून हल्लेखोरांत सहकाऱ्यांपेक्षा दरोडेखोरांचे प्रमाण मोठे असते. रात्रपाळीचे दुकान, पेट्रोल पंप, टॅक्सी ही अधिक धोक्याची ठिकाणे होत. नॉर्थ कॅरोलायनातील कार्यस्थळांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जेथे बंदुकांना मुभा होती तेथे कामगाराच्या हत्येची शक्यता शस्त्रबंदी असलेल्या ठिकाणांच्या सु. पाचपट आढळली. धोक्याच्या ठिकाणीच बंदुका बाळगण्याकडे कल असतो. त्यामुळे यातील कारण कोणते व परिणाम कोणता, हे केवळ अशा आकड्यांवरून ठरविणे कठीण आहे.

कामगारपक्षाचे म्हणणे असे की, बंदी वाहनतळापुरती असली, तरी ती प्रत्यक्षात घरापासून कामापर्यंतच्या संपूर्ण प्रवासावर लागू होते. कारण वाटेत शस्त्र टाकून देता येत नाही. पहाटे एकटीने दूरवर मोटार चालविणारी परिचारिका किंवा विभक्त पतीकडून जिवाची धमकी मिळालेली स्त्री यांच्या दृष्टीने नियोक्त्याचा नियम त्याच्या कुंपणाबाहेरही पोहोचतो. नियोक्त्यांचे उत्तर असे की, कामावरून काढले जाणारे, भांडणात अपमानित झालेले वा मानसिकदृष्ट्या अस्थिर झालेले लोकही त्याच वाहनतळाचा उपयोग करतात. मिसिसिपीतील मेरिडियन येथील विमानांचे भाग बनविणाऱ्या कारखान्यात ८ जुलै २००३ रोजी एक कर्मचारी बैठक सोडून आपल्या वाहनाकडे गेला, बंदुका घेऊन परतला व सहा सहकाऱ्यांना ठार करून त्याने आत्महत्या केली.

भारतातील स्थिती : भारतात हा वाद या स्वरूपात उद्‌भवत नाही. ब्रिटिश अंमलातील १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली होती व युरोपीयांना त्यातून मिळालेली सूट हा राष्ट्रीय चळवळीच्या तक्रारींपैकी एक विषय होता. काँग्रेसच्या कराची अधिवेशनातील मूलभूत अधिकारांच्या ठरावात (१९३१) नियमांच्या अधीन राहून शस्त्रे बाळगण्याचा हक्क समाविष्ट करण्यात आला. तथापि संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी या आशयाची दुरुस्ती सुचविली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तीस विरोध केला. शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा, राष्ट्रावर संकट आल्यास ते हाती घेण्याच्या कर्तव्यावर भर द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. ती दुरुस्ती अमान्य झाली. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने व विनाशस्त्र जमण्याचे. शीख धर्मीयांच्या कृपाणास अनुच्छेद २५ मध्ये स्वतंत्र मान्यता आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीसाठी परवाना लागतो.

मूल्यमापन : न्यायालयांच्या निर्णयांतून एक गोष्ट स्पष्ट होते. खाजगी कार्यस्थळाच्या बाबतीत घटनेने या वादाचे उत्तर दिलेले नाही. ते देण्याचे काम विधिमंडळांकडे आले आहे. धोका कोणी पत्करावा व त्याची किंमत कोणी मोजावी, याची वाटणीच ही विधिमंडळे करीत असतात. बंदी असल्यास प्रवासातील धोका कामगाराच्या वाट्यास येतो आणि नियम मोडल्यास उपजीविकाही जाते. बंदी उठविल्यास कार्यस्थळावरील धोका सर्व सहकाऱ्यांत वाटला जातो. या सहकाऱ्यांचे मत बंदी घालताना नियोक्ता विचारीत नाही व ती उठविताना विधिमंडळही स्वतंत्रपणे विचारीत नाही. नियोक्त्यास दायित्वातून मुक्त करणाऱ्या तरतुदींमुळे त्याचे नुकसान टळते. पण जखमी होणाऱ्याचे टळत नाही. कुलूपबंद मोटारीची तडजोड प्रवासापुरते संरक्षण देते. इमारतीत हल्ला झाल्यास वाहनतळावरील बंदूक कामगाराच्या हाताशी नसते, आणि मेरिडियनच्या घटनेने दाखविल्याप्रमाणे हेतुपुरस्सर हल्ला करणाऱ्यास मात्र तेवढे अंतर अडवू शकत नाही. असे असूनही ही तडजोड टिकून राहिली आहे, याचे कारण इमारतीवरील नियोक्त्याची सत्ता व मोटारीवरील कामगाराची सत्ता या दोन्हींना ती काही अंशी मान्यता देते.